गुणाजीच्या खाचराची सरासरी

पेणच्या स्टँडवर शेजारी एक म्हातारा, रोह्याला दिलेल्या बहिणीला गाडीत बसवायला आलेला.

“दादा, आपलं गाव भातात तालुक्यात पयलं आलं म्हनं?”

“व्हय गो ठमे. सरासरीत.”

“आनि खाडीचा बांध फुटलेला ना?”

“फुटला. गुणाजीचं खाचर सोडून सगळी शेतं खाऱ्या पान्यात गेली.”

“त्याचंच कसं वाचलं?”

“गावाची सरासरी काढाया एकाच शेताचं पीक मोजतात. साहेबानं चिठ्ठी टाकली, त्याचंच खाचर निघालं. गावाची अब्रू म्हनून सगळ्यांनी आपलं शेनखत तिथं ओतलं. पानी आलं तवा अख्खा गाव त्याच्याच बांधावर माती टाकीत व्हता.”

“आनि तुमची शेतं?”

“ती कुठं कोन मोजनार व्हतं?”

“मग वर्सभर खायचं काय?”

“साहेब म्हनला, सरासरीनं तुमी सगळे पोटभर जेवताय. चल, गाडी लागली. मी पन येतोय तुझ्याकडं.”