करपता करपता वाचलेला गूळ

तिसरी वाटी

सुधा : रुमाल वर सरकवू नका. दिसतंय मला.

श्रीकांत : नाकावर आलाय गं. सगळा खेळ नाकाचा आणि तू नाकच बांधतेस.

सुधा : हं, घ्या. तिसरी वाटी. हुंगा.

श्रीकांत : मनुका. कोमट पाण्यात भिजवलेल्या. आणि... सुधा, या वाटीत आधी लसणाची चटणी होती.

सुधा : घासलीय मी ती!

श्रीकांत : घासलीस. कडेला राहिलीय.

सुधा : अहो, मग जेवायला बसता तेव्हा हे नाक कुठे ठेवून येता? लग्न झाल्यापासून विचारतेय, कसं झालंय? बरं आहे. पुरणपोळी बरी आहे, कारलं बरं आहे. परवा मीठच नव्हतं आमटीत, तरी बरं आहे!

श्रीकांत : विषय बदलू नकोस. उद्या सकाळी नवापूरला गाडी निघतेय आणि अजून दोन वाट्या राहिल्यात.

सुधा : परत सांगा सगळं. दुपारी मी हसत होते, अर्धं ऐकलंच नाही.

श्रीकांत : परत हसशील.

सुधा : हसणारच. सांगा.

श्रीकांत : दर शनिवारी आशिषच्या गच्चीवर आमचं मंडळ बसतं. कोरडं मंडळ. सुरतेत बाटली उघडता येत नाही. म्हणून कोणी दमणला, नवापूरला, मुंबईला जाऊन आला, की तिथे काय प्यायला ते इथे येऊन सांगतो. आधी वास, मग घोट, मग शेवट.

सुधा : शेवट म्हणजे?

श्रीकांत : गिळल्यावर जे तोंडात राहतं ते. काहींचा शेवट आखूड असतो, काहींचा लांब. बाकीचे हातात लिंबूसोडा घेऊन ऐकतात. कानाने पितात म्हण ना. मग कोणी विचारतं, अमुक घेऊ का तमुक? आणि मी सांगतो.

सुधा : तुम्ही सांगता.

श्रीकांत : मी अध्यक्ष आहे.

सुधा : आणि आयुष्यात...

श्रीकांत : हळू! शेजारच्या रंजनाबेनची खिडकी उघडी आहे.

सुधा : आयुष्यात थेंब घेतला नाही! हा हा... थांबा, मला बसू द्या... व्हिस्कीचा अध्यक्ष!

श्रीकांत : झालं हसून?

सुधा : नाही. पण त्यांना वाटतं तरी काय, तुम्ही पिता कुठे?

श्रीकांत : नाशकात. ताईकडे जातो ना दर महिन्याला.

सुधा : वन्संच्या घरी! खोकल्याचं औषधसुद्धा देवाला विचारून घेतात त्या!

श्रीकांत : मी ठरवून नाही केलं गं. मागच्या उत्तरायणला पतंग बघायला गच्चीवर गेलो. आशिषने मोबाइलवर एका बाटलीचा फोटो दाखवला. काका, कशी असेल हो ही? मी गमतीत म्हटलं, केळीच्या पानावर गरम भात वाढल्यावर पान जो सुस्कारा सोडतं ना, तशी. आणि सगळे गप्प झाले. पतंग काटला गेला तरी कोणी ओरडलं नाही. विमा कंपनीत एवढी वर्षं काढली, माझ्या बोलण्याने कोणी गप्प झालं नव्हतं. मी बोलायला लागलो की लोक डबे उघडायचे.

सुधा : ती वाटी द्या इकडे.

श्रीकांत : हसली नाहीस?

सुधा : चौथी वाटी आणते.


चौथी वाटी

सुधा : यात निखारा ठेवलाय. वर तूप सोडते. लांबून घ्या, मिशा जळतील.

श्रीकांत : आहा! पोंकच्या, हुरड्याच्या भट्टीशेजारी उभं राहिल्यासारखं. हिरवी ज्वारी, राख, आणि कोणीतरी शेवेचा पुडा फोडलाय.

सुधा : शेव माझ्या हातात आहे. असा वास जिला येईल तिला धुरकट म्हणायचं. आणि पहिल्या घोटाला ठसका आला तर खोकायचं नाही. डोळे मिटायचे. बाबा तसंच करायचे.

श्रीकांत : बाबा?

सुधा : रविवारी एक पेग. ग्लास विसळायचं काम माझं होतं.

श्रीकांत : मग?

सुधा : मग काय! तळाला थोडी उरायची.

श्रीकांत : सुधा!

सुधा : दोनदाच. म्हणजे या घरात अनुभवी माणूस मी आहे आणि अध्यक्ष तुम्ही. व्हिस्की म्हणजे खोकल्याचं औषध, लाकडी कपाट आणि मनुका, एवढं लक्षात ठेवा. उद्या नवापुरात बाटल्यांना कागद गुंडाळलेले असणार ना?

श्रीकांत : चार बाटल्या, चारही झाकलेल्या. मी एकेक घोट घ्यायचा आणि ओळखायचं. चुकलो की कळलंच सगळ्यांना. मग शनिवारी मी काय करू? तूच सांग. संध्याकाळी सहा वाजता मी कुठे जाऊ?

सुधा : रडू नका. पाचवी वाटी... बेल वाजतेय.

श्रीकांत : वाट्या लपव!

सुधा : रुमाल आधी काढा.


वाटी नाही, हिलाल

हिलाल : नमस्कार वहिनी. हे काय भाऊ, आंधळी कोशिंबीर खेळी राहिले का? आणि धूर कसला?

सुधा : डास झालेत फार. या हिलालभाऊ, बसा. उधन्याहून आलात एवढ्या लांब? गाडी उद्या सकाळी ना?

हिलाल : गाडी उद्याच. मी... असाच आलो. चहा प्यायले.

सुधा : टाकते. पण आधी मला सांगा, हे मंडळात नेमकं करतात काय? घरी काही बोलत नाहीत.

श्रीकांत : चहा टाक ना, सुधा.

हिलाल : वहिनी, तुमले ठाऊक नही? अहो, डाइंग मिलमध्ये भट्टीजवळ उभा राहून राहून माझं नाक मेलं. पण भाऊ बोलले की मले वास येतो! मागच्या महिन्यात ती बेटावरची व्हिस्की सांगितली. म्हणे, 'गूळ पातेल्यात करपता करपता वाचलाय. बाई धावत आली, पदराने पातेलं उतरवलं, तेव्हा जो धूर सुटला तो या ग्लासात आहे.'

सुधा : बाई धावत आली?

श्रीकांत : चहा.

सुधा : कोण बाई?

हिलाल : स्कॉटलंडची असेल ना. तिकडचीच बाटली होती.

सुधा : पदराने उतरवलं म्हणालात.

हिलाल : हो ना! आणि ती शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. 'दिवाळीच्या आदल्या दिवशी डबा उघडावा. तूप, वेलची, आणि झाकणाखाली घातलेला जुना पेपर.'

सुधा : माझे बेसनाचे लाडू.

हिलाल : काय म्हणे?

सुधा : काही नाही. अजून सांगा. सगळ्या सांगा.

हिलाल : एक तं अशी सांगितली का मंडळातले बठ्ठे उठून उभे राहिले. 'ओल्या सुती साडीवर इस्त्री ठेवावी, पहिली वाफ यावी, आणि साडी नेसणारी शेजारच्या खोलीत गुणगुणत असावी.' आशिषने त्या शब्दावर लंडनच्या मामाकडून ती बाटली मागवली. नवापुरात त्याच्या मेहुण्याकडे ठेवली आहे. उद्या तीच उघडायची.

सुधा : कांजी होती का तिला?

हिलाल : कोणाले?

सुधा : बाटलीला.

श्रीकांत : थोडीशी. साबुदाण्याची.

सुधा : चहा टाकते.

हिलाल : वहिनी रागावल्या का, भाऊ? डोळे पुसत गेल्या.

श्रीकांत : धुरामुळे. तू बोल. असाच आलास म्हणतोस आणि टोपी कुस्करतोयस.

हिलाल : भाऊ, उद्या जायचं नही असं करा ना. तुम्ही म्हटलं का नको, तं कोणी जाणार नही.

श्रीकांत : ...काय?

हिलाल : तुमचा एवढा जीव त्या चार बाटल्यांत, ठाऊक आहे मले. पण ऐका. मी सोडली आहे. मागच्या होळीले डॉक्टरने सांगितलं, यकृत गेलं समज. कलाबाई पोरीले घेऊन शिरपूरले निघून गेली होती. तेव्हा सोडली. परत आली ती. पण शनिवार सुटत नव्हता. पगार झाला, सहा वाजले, का पाय दमणच्या गाडीकडे. मग आशिषने गच्चीवर नेलं. तुम्ही बोलले. मी सोडा प्यायलो, घरी गेलो, भाकर खाल्ली, झोपलो. तवापासून दर शनिवारी हेच. मी तुमच्यावर जगी राहिलो, भाऊ.

श्रीकांत : मंडळात माहीत आहे हे?

हिलाल : नही. गावाकडे एकदा सांगितलं, तं हसून हातात ग्लास दिला. म्हणे एकाने काय होतं! एकाने काय होतं ते कलाबाईले विचारा. उद्या तुम्ही समोर बसणार, खरी बाटली उघडणार, आणि तुम्ही बोलणार. मी गाडी चालवणारा म्हणून बाहेर थांबेन, पण खिडकीतून तुमचा आवाज आला तं? नही राहवणार, भाऊ.

श्रीकांत : म्हणजे तुला जायचं नाही!

हिलाल : नही.

श्रीकांत : मुळीच नाही!

हिलाल : तुम्ही हसता काय?

श्रीकांत : सुधा! ए सुधा! हिलालला जायचं नाही! अगं, पुरणपोळी कर! याला मिठी मारू का मी?

हिलाल : वहिनी, भाऊंनी काही घेतली का?

सुधा : अजून नाही. लावा फोन त्या आशिषला.


फोन

श्रीकांत : आशिष? काका बोलतोय. उद्याचं रद्द करू या. मला जरा कणकण आहे.

आशिष : . . . . . .

श्रीकांत : नाही, मी आराम करतो आणि तुम्ही हिलालबरोबर जाता, असं नको. हिलालची गाडीही बिघडलीय.

आशिष : . . . . . . . . .

श्रीकांत : तू तुझी काढतोस? हिलालला घरून उचलशील? अरे पण...

हिलाल : भाऊ, राहू द्या. मी सांगतो त्याले माझं.

श्रीकांत : गप्प बस तू. टोपी घाल. आशिष, ऐक. कारण वेगळं आहे. आधी ती बाटली बंद ठेवायचं कबूल कर. बघ, मी आयुष्यात व्हिस्की प्यायलेलो नाही. हॅलो? हो. थेंबसुद्धा नाही. नाशकात तर नाहीच नाही, तिथे माझी ताई असते.

आशिष : . . . . . .

श्रीकांत : ती बेटावरची? ती संक्रांतीची चिक्की. हो, आमच्या घरातली. इस्त्रीसुद्धा. ...नाही रे, काकूला माहीत नव्हतं. आज कळलं. म्हणून म्हणतो, अध्यक्षच खोटा निघाला तर परीक्षा कशाची घ्यायची? उद्या जाऊ नका. आणि मी... शनिवारचं तुम्ही ठरवा. माझी खुर्ची तिथे नको असेल तर...

सुधा : काय म्हणतो?

श्रीकांत : ठेवला त्याने.


कप

सुधा : हिलालभाऊ, काहीतरी बोला. ते बघा कसे बसलेत.

हिलाल : थांबा वहिनी. मले हिशोब लावू द्या. म्हणजे बेटावरची नव्हती?

श्रीकांत : नव्हती.

हिलाल : शेरीचं पिंप?

सुधा : पत्र्याचा डबा. तो काय फडताळात.

हिलाल : म्हणजे मी एवढी दारू सोडली... ती वहिनीच्या करपलेल्या गुळावर?

सुधा : करपलेला नाही! करपता करपता वाचलेला.

हिलाल : अरे भो! अरे माझ्या देवा! हा हा हा! कलाबाईले काय सांगू मी? डॉक्टरले काय सांगू? धरा मले कोणी, पडतो मी खुर्चीवरून!

श्रीकांत : रागावला नाहीस? चालेल ना तुला अजून? आता माहीत झाल्यावर?

हिलाल : न चालायले काय झालं? उलट आता पत्ता मिळाला ना, कुठे भेटते ती!

सुधा : तुमचा मोबाइल वाजला हो.

श्रीकांत : तू वाच. मला धीर होत नाही.

सुधा : आशिषच आहे. एकच ओळ. 'काका, लाडू आहेत का शिल्लक? चौघं येतोय उद्या.' आता चौघांना पुरायला मला आज भाजायला बसावं लागणार.

हिलाल : मी बी येतो. खिडकीबाहेर नही थांबत, सांगून ठेवतो.

सुधा : घ्या, चहा घ्या आधी. गार होतोय. काय बघता? प्या. आणि आज 'बरा आहे' म्हणायचं नाही. हिलालभाऊ साक्षीला आहेत. सांगा, कसा झालाय?

श्रीकांत : वास आल्याचा. उशिरा टाकलेलं आलं, चेचलंही नाहीस नीट, कान इकडे होते. त्यामागे निखाऱ्याचा धूर, चौथ्या वाटीचा.

हिलाल : घोट सांगा, घोट!

श्रीकांत : घोट गरम. आणि शेवट... शेवट लांब आहे. गिळून झालाय, पण जात नाही.

सुधा : साखर घालायची राहिलीय त्यात.

श्रीकांत : माहीत आहे. ओत अजून थोडा.