ह्यांच्या पायाच्या मापाचा रॉड

हसायचं तर हसा, पण मोटारीच्या एका रॉडपायी मी मिस्त्रीशी भांडले आहे. लोणावळ्यात शेठच्या बंगल्यावर मी भांडी घासते आणि आमचे हे ड्रायव्हर होते. हे बुटके. गाडी चालू करायला पायानं दाबायच्या स्टार्टरच्या पेडलला पाय पोचेना, म्हणून त्याखालचा रॉड ह्यांनी चार बोटं लांब करून घेतलेला. मग लढाईत लष्कराचे ट्रक चालवायला गेले आणि गाडी पडून राहिली. यंदा ती पुन्हा चालती करायला शेठनं कामशेतचा मिस्त्री आणला. तो रॉड कापायला लागला तशी मी भांडी टाकून उठले.

“त्याला हात लावायचा न्हाई.”

“मावशी, नवा ड्रायव्हर उंच हाय. पेडल दाबताना त्याचा गुडघा स्टेरिंगला आपटतो.”

“आपटू दे. गुडघा त्याचा हाय.”

“तुमच्या मालकांचं पत्र कवा आलंतं?”

“दोन दिवाळ्या झाल्या.”

मिस्त्रीनं करवत खाली ठेवली. “मी दुसरा रॉड बनवतो. ह्यो तुमी घरी न्या.”

“घरी नको. गाडीतच सीटखाली ठेव,” मी म्हटलं. “ते आले की आधी गाडीकडं जातील, मग माझ्याकडं.”