नागरिकांचा कॉम्प्युटर

...आणि वर म्हणे नियम आहे! अहो, तुम्हाला सांगतो, सोमवारी दुपारी कुणीही नागरिकानं महापालिकेच्या त्या ऑफिसात जावं, नागरिकांच्या कॉम्प्युटरसमोर बसावं, हवा तो नकाशा बघावा, अशी चक्क पाटी लावलीये! हडपसरचे आमचे सर्जेराव गेले. बिचाऱ्यांची झोप उडालेली... रस्ता रुंद होतोय, घर राहतंय की जातंय? बघतात तर नागरिकांच्या खुर्चीत तिथलेच क्लार्क बद्रीनाथ!

"साहेब, ह्यो पब्लिकचा हाय ना?"

"असेल. माझ्या मशीनवर लग्नाच्या साइट बंद केल्यात ऑफिसनं. मग मुलीसाठी स्थळं काय घरी जाऊन बघू?"

पण माणूस मानला पाहिजे! अहो, काय तो अभ्यास! ह्या मुलाचं पॅकेज, त्याची उंची, ह्याची आई कडक, त्याच्या वडिलांना शुगर... सगळं तोंडपाठ! सर्जेराव आ वासून ऐकतच राहिले. आणि नकाशाचं विचारलं की? "सर्व्हर डाऊन आहे. पुढच्या सोमवारी या." अहो, त्याच कॉम्प्युटरवर नवरदेव धडाधड उघडतायत की! माणूस मानला पाहिजे!

पुढच्या सोमवारी गेले, तर स्क्रीनवर कोण? सर्जेरावांचा थोरला!

"अवो, ह्यो तर आमचा विक्रम!"

बद्रीनाथ ताडकन उठले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? बसा, बसा! चहा सांगा रे कुणीतरी! घर... स्वतःचं ना आपलं?"

"सोताचं हाय, पर रस्त्यात..."

वाक्य पुरं होतंय कुठं? नकाशा समोर हजर! गाव, गट, गल्ली, रस्त्याची लाल रेघ, सगळं मोठं करून, फिरवून... सर्व्हरची काय टाप आहे डाऊन राहायची! सर्जेरावांनी मनातल्या मनात हात जोडले. माणूस मानलाच पाहिजे!

आणि ती लाल रेघ, तुम्हाला सांगतो, थेट सर्जेरावांच्या स्वयंपाकघरातून गेलेली. बद्रीनाथांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि हळहळत विक्रमचा फोटो बंद केला. "मुलगा चांगला होता हो..."

"साहेब, हरकत घ्यायची असंल तर?"

"घेता येत होती की. गेल्या सोमवारी मुदत संपली."

घरी शालूवहिनी दारातच उभ्या. "काय झालं ओ? ऱ्हातंय ना घर?"

सर्जेराव पायरीवर बसले. "घर गेलं गं शालू... पर व्याही काय मिळाला असता!"