नाव यादीत आहे!

...आणि वर ते यंत्र मलाच सांगते, 'परवानगी नाही'! मला! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षे शब्दकोश उशाशी घेऊन झोपलेला माणूस मी. आणि आमच्या वाचनालयाच्या सूचीच्या मुखपृष्ठावर 'ग्रंथसुची' असा ऱ्हस्व उकार, त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'मुद्रितशोधक' म्हणून माझे नाव, आणि बारा वाजता ते छापायला जाणार... घाम फुटेल की नाही? एक उकार दीर्घ करायचा, एवढेच काम; पण फाइल वाचता येते, बदलता येत नाही. का? तर म्हणे, ती बदलण्याचा अधिकार फक्त 'संपादक' गटाला!

वाचनालयाचे संगणक आमची सूनबाई सांभाळते. तिला फोन केला. तिने दोन मिनिटांत आपल्या जागेवरून माझे नाव त्या गटात घातले. मी कळ दाबली. नाव यादीत आहे, पण परवानगी नाही! पुन्हा फोन. "अहो बाबा, ही लिनक्स प्रणाली आहे. एकदा बाहेर पडा आणि परत आत या, मग लागू होईल."

आता, शब्दाचा अर्थ शब्दाप्रमाणेच घेणारा माणूस मी. चपला चढवल्या, फाटकापर्यंत गेलो, पहारेकऱ्याला नमस्कार केला, परत आलो. नाव यादीत आहे, पण परवानगी नाही! म्हटले, फाटकाच्या आतच राहिलो म्हणून धरले नसेल. दुसऱ्या खेपेस रस्ता ओलांडून आलो. पहारेकरी विचारतो, काका, काही हरवलंय का... तसाच आत गेलो, तरी परवानगी नाहीच!

बाराला सात मिनिटे. धापा टाकत तिसरा फोन. पलीकडे दाबलेले हसू. "बाबा, खोलीतून नाही हो, संगणकातून बाहेर! तो आत घेतानाच एकदा यादी बघतो. नंतर आत बसलेल्याकडे ढुंकूनही बघत नाही."

मग हे आधी सांगायचे नाही का? संगणकातून बाहेर पडलो, परवलीचा शब्द घालून आत शिरलो, उकार दीर्घ केला... बाराला दोन मिनिटे होती!

घरी येऊन हिला सारे रंगवून सांगितले. ही शांतपणे म्हणाली, "तुम्हीही निवृत्त होऊन घरात शिरलात ते पाहुण्यासारखे. बाहेर जाऊन परत या. भांडी घासणाऱ्यांच्या यादीत मी तुमचं नाव घातलंय."

गेलो, आलो... आणि तुम्हाला सांगतो, पहिल्याच खेपेस लागू झाले.