कमरेवरचं इंदूर, कमरेखालचं ग्वाल्हेर

चहा घे, पण त्या मध्य भारत सरकारचं नाव काढू नकोस, भिया! मी तेव्हा इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होतो. शरीररचनेचा दोन भागांचा ग्रंथ आला आणि इंदूर-ग्वाल्हेर या दोन राजधान्यांच्या कॉलेजांत भांडण नको म्हणून सरकारनं वाटणी केली. कमरेवरचा भाग इंदूरला, कमरेखालचा ग्वाल्हेरला! मी बोंब मारली, तेव्हा दुसरा संच मागवला, तर त्याचीही तश्शीच वाटणी!

म्हटलं, एकेक भाग बदलून घेऊ. ग्वाल्हेरचे लायब्रेरियन म्हणाले, "आधी तुमचा पाठवा." आमचे साहेब गुरकावले, "का म्हणून? आधी त्यांचा येऊ दे!"

परीक्षा तोंडावर आलेली. शेवटी मीच पोरांना सांगितलं, "गुडघा शिकायचाय? ग्वाल्हेरची गाडी पकडा!"