मुत्तच्छनचा मुंडू आणि दहा मीटर

...आणि वर म्हणायचं काय, तर वय झालं, दुसरं काय. मी म्हणते, वय असं वर्षभरात होतं का? एका ओणमला जो माणूस वाचनालयापर्यंत माझ्यापुढे ढांगा टाकत जात होता, त्याचे पाय पुढच्या ओणमला कुणी डिंक लावून जमिनीला चिकटवल्यासारखे... आणि तुम्ही त्याला वय म्हणता? पण नाही. शेजारच्या कार्त्यायनी चेची कढीपत्ता मागायला कुंपणापाशी आल्या की आधी उसासा, मग कढीपत्ता. "हरिता, अठ्ठ्याहत्तर म्हणजे काय कमी झाले का ग? वय झालं, दुसरं काय." आणि आमची अम्मा आतून, "तेच सांगतेय हिला." दोघींना एकमेकींचं म्हणणं इतकं पटताना मी एरवी कधी पाहिलेलं नाही.

तुम्हाला सांगते, माझे मुत्तच्छन, म्हणजे अम्माचे वडील शंकुण्णी, हे काही घरात बसून तेल चोळून घेणारे आजोबा नव्हेत. कण्णूरच्या विडी कारखान्यात वाचक होते ते. दोनशे माणसं खाली मान घालून विड्या वळतायत आणि मधोमध बसून मुत्तच्छन खणखणीत आवाजात पेपर वाचतायत, मथळ्यापासून बाजारभावापर्यंत. त्यांच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. कारखाना सुटला, पण वाचन सुटलं नाही. रोज सकाळी सातला आमच्या वाचनालयात पेपर उघडायचा मान त्यांचा. त्यांनी मोठ्यानं वाचायचं, म्हाताऱ्यांनी भांडायचं, असा नेम. आणि तो माणूस दीड वर्ष घरात खुर्चीत बसून कालचा पेपर वाचतोय. का? तर वाचनालय चारशे पावलांवर आहे आणि त्यांची चारशे पावलं आता हजार झालीत.

बरं, नुसते पाय असते तर ठीक. विसरायलाही लागले. आणि तिसरी एक गोष्ट आहे, ती मी चारचौघांत सांगितलेली त्यांना आवडणार नाही. एवढंच सांगते, संडास आमच्या अंगणाच्या पलीकडे आहे, आणि पाय हे असे. झालं, समजलं तुम्हाला.

वाचनालयातली व्याख्यानं मीच भरवते, तर एका रविवारी डॉक्टर रझाक व्याख्यानाला आले. मेंदूचे डॉक्टर. बोलता बोलता म्हणाले, काही म्हाताऱ्यांच्या मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठतं. मग चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विसरायला होतं, लघवीवर ताबा राहत नाही, आणि घरचे म्हणतात... मी उभीच राहिले हो. भर व्याख्यानात. म्हटलं, "वय झालं म्हणतात." सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय आणि डॉक्टर म्हणतात, "बरोबर. आणि यातल्या काही जणांना बरं करता येतं."

बरं करता येतं. दीड वर्ष आम्ही तेल चोळत होतो.

आजाराचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. मी घरी येऊन सांगितलं तर अम्मा म्हणते, "दाब नॉर्मल आहे ना? मग आजार कसला?" मुत्तच्छन म्हणतात, "डोक्यात पाणी? मी पाणी पितोच कुठे, मी चहा पितो." आणि कुंपणापलीकडून, दिसत नाही पण आवाज येतो, "या वयात डोक्याला सुरी लावू नका ग बाई."

नेलं एकदाचं कण्णूरला, त्याच डॉक्टरांच्या हॉस्पिटलात. एमआरआय काढला, पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. मग स्मरणाची परीक्षा. डॉक्टर म्हणाले, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, होडी, खुर्ची, नारळ. पाच मिनिटांनी विचारलं. मुत्तच्छनना होडी आठवेना, खुर्ची आठवेना, नारळ आठवेना. पण हार मानतील ते वाचक कसले? कारखान्यात कधीकाळी वाचलेली विडी कामगारांच्या संपाची बातमी म्हणायला लागले, सगळी, स्वल्पविरामासकट. डॉक्टर लिहायचे थांबून ऐकत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं. हसू येत होतं की काय येत होतं, कोण जाणे.

मग डॉक्टरांनी सांगितलं, पाठीच्या मणक्यातून सुईनं थोडं पाणी काढून बघू. आधी चालवायचं, नंतर चालवायचं. फरक पडला तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची आशा. नाही पडला तर... तर खुर्ची आणि कालचा पेपर.

कॉरिडॉरमध्ये दहा मीटरवर पट्टी चिकटवलेली. जायचं, वळायचं, परत यायचं. पलीकडे डॉक्टर उभे, अलीकडे फिजिओथेरपीची जिन्सी घड्याळ घेऊन. गेले मुत्तच्छन, खुरडत खुरडत. वळायलाच नऊ पावलं. अठ्ठेचाळीस सेकंद. मग पाणी काढलं, तीन तास झोपवलं, पुन्हा उभं केलं. डॉक्टरांना वॉर्डात बोलावणं आलं होतं, एकटी जिन्सीच होती. आणि मुत्तच्छन निघाले की हो. एकोणतीस सेकंद. अम्मा रडायला लागली. मीही लागणार, तेवढ्यात माझं लक्ष गेलं त्यांच्या मुंडूकडे, म्हणजे आमच्याकडच्या पांढऱ्या लुंगीकडे.

गुडघ्यापर्यंत दुमडून वर खोचलेला.

आणि सकाळी? सकाळी घोट्यापर्यंत सोडलेला. आमच्याकडे मानाचा माणूस समोर असला की वर खोचलेला मुंडू सोडायचा, हे काय शिकवावं लागतं? सकाळी समोर डॉक्टर होते. आता समोर जिन्सी, नातीच्या वयाची. सोडलेल्या मुंडूत पाय अडकतात, खोचलेल्यात धावता येतं. मग ही एकोणीस सेकंदं पाण्याची की मुंडूची? सांगा तुम्ही मला. गप्प बसले तर ऑपरेशन होईल, पण कशाच्या जोरावर, लुंगीच्या? आणि बोलले तर कदाचित होणारच नाही. ज्या मुलीनं सगळ्या गावाला पुरावा दाखवा, पुरावा दाखवा म्हणून हैराण केलंय, तिनं आता काय करायचं?

बोलले. डॉक्टर परत आल्या आल्या. अम्मानं असा चिमटा काढला की चार दिवस वळ होता. "तुला गप्प बसता येतं का कधी?"

डॉक्टर मुत्तच्छनकडे वळले. "खरंय का हो?"

"मग? तुमच्यासमोर मुंडू वर करून चालू? मी काय गुंड आहे?"

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "बारा वर्षं ही तपासणी घेतोय. चप्पल लिहितो, काठी लिहितो, मुंडू कधी लिहिला नाही." आणि पुन्हा पट्टीपलीकडे जाऊन उभे राहिले. मुत्तच्छननी मुंडू सोडला. गेले. वळले, चार पावलांत. आले. जिन्सीनं घड्याळ माझ्यासमोरच धरलं, जणू परीक्षा माझीच होती.

एकतीस.

पंधरा दिवसांनी ऑपरेशन झालं. डोक्यातून पोटात उतरणारी बारीक नळी, सगळी कातडीखालून, आणि कानामागे एक झडप. ती म्हणे बाहेरून लोहचुंबकानं कमीजास्त करता येते. होडी आणि नारळ आता आठवतात, खुर्ची अजून नाही. चालेल. खुर्ची त्यांनी विसरलेलीच बरी.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? अहो, तक्रार ही की सकाळी साडेसहाला मला उठवतात. पडू नयेत म्हणून सोबत जा, डॉक्टरांचा हुकूम. आणि मी रात्री जागून व्याख्यानांच्या जाहिराती लिहिणारी, मला कुठलं धावणं जमतंय? काल अर्ध्या वाटेत धाप लागून मी आंब्याला टेकले. मुत्तच्छन पुढे, मुंडू खोचून, ताठ. मागे वळून पाहिलं, थांबले, आणि खोचलेला मुंडू सावकाश सोडून घोट्यापर्यंत नीट केला. म्हटलं, "कोण आलं?"

"कुणी नाही पोरी," म्हणाले, "मागून वयस्कर माणूस येतंय."