लॅबचं कुलूप

चूक देशपांडे काकांची. बाबांचे मित्र, कॉलेजचे डायरेक्टर. मी त्यांचंच कॉलेज अर्धवट सोडलेलं, तरी बाबांच्या शब्दाखातर कॉलेजचं इन्स्टाग्राम सांभाळायची नोकरी मला दिली. नव्या मुलांसाठी लाइव्ह चालू होतं आणि काका लॅबबद्दल नेहमीसारखे फेकत होते. शहराच्या टोकाच्या करोंद वस्तीतल्या एका मुलीनं कमेंट टाकली, "सर, लॅब दिखाइए ना."

"दाखव रे," काका म्हणाले. मी फोन लॅबकडे वळवला. दाराला कुलूप. काका फोनकडे बघून म्हणाले, "चाबी शर्माजी के पास है, बेटा."

लगेच तिची दुसरी कमेंट, "सर, ताले पे मकड़ी का जाला है."

कुलपावर खरंच कोळ्याचं जाळं होतं. त्या दारासमोरून आम्ही रोज जायचो, कुणी ब्र काढला नव्हता. हिनं घरबसल्या फोनवर पकडलं.

"डिलीट कर," काका कानात म्हणाले.

मी ती कमेंट सगळ्यात वर पिन केली. नोकरी त्याच दुपारी गेली.